वर्षभर मूडल वापरल्यावर: ऑनलाइन आणि वर्ग यांची सांगड

सांगलीत बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवते. लॉकडाउनमध्ये बंद कॅमेऱ्यांसमोर प्रमाण विचलन समजावून झाल्यावर ऑनलाइनचं नावही नको झालं होतं. पण यूजीसीच्या मिश्र (ऑनलाइन आणि वर्ग) शिक्षणावरच्या २०२१ च्या मसुद्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घ्यायची मुभा होती, आणि त्यात व्याख्यानच द्यायला हवं असं थोडंच आहे? मी व्याख्यान वर्गात ठेवलं आणि सराव मूडलवर, म्हणजे नोट्स, क्विझ, असाइनमेंट ऑनलाइन चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर, नेला.

सगळ्यात उपयोगी पडला तो ‘कॅल्क्युलेटेड’ प्रश्न. गणित तेच, आकडे प्रत्येकाला वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर फिरवून काही साधत नाही, त्यामुळे पोरं आता एकमेकांना रीत विचारतात. टॉलरन्स, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल, ते मात्र बघून ठेवा, नाहीतर दोन दशांश स्थळांवर थांबलेल्याचं बरोबर उत्तरही चूक ठरतं.

जत, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांसाठी मोबाइल अ‍ॅपमधली ऑफलाइन सोय चालू केली. कॉलेजच्या वायफायवर क्विझ उतरवून घ्यायची, एसटीत सोडवायची, पुन्हा नेट मिळालं की सिंक. मेख अशी की क्विझला वेळेची मर्यादा लावली की ऑफलाइन बंद. उत्तर दिल्या दिल्या चूक-बरोबर दाखवणारी पद्धतही तिथे चालत नाही. म्हणून या क्विझना मी गुण ठेवलेच नाहीत. गुणांची चाचणी वर्गात, कागदावर.

सकाळी रिपोर्ट उघडला की ‘फॅसिलिटी इंडेक्स’ दिसतो, म्हणजे कोणता प्रश्न किती जणांना जमला. तास तिथूनच सुरू करते. शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक, नुसती नाकारता आली नाही तरी ‘सिद्ध झाली’ असं लिहिणारे दरवर्षीच असतात, पण पूर्वी ते परीक्षेच्या पेपरात सापडायचे. आता टॉपिक चालू असतानाच सापडतात, आणि फळ्यासमोर वाद घालायला वेळही उरतो. ‘डिस्क्रिमिनेशन इंडेक्स’ही मिळतो, म्हणजे विषय येणारे आणि न येणारे यांना प्रश्न कितपत वेगळं करतो. आमच्या विषयाच्या माणसाला ही मेजवानीच, फक्त छोट्या बॅचवरून फार निष्कर्ष काढू नयेत.

तक्रारी आहेत. सेटिंगचं पान मारुतीच्या शेपटासारखं संपतच नाही. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर फुकट नसतो. अख्खा वर्ग एकदम लॉगिन झाला की आमचा झोपतो. नुसत्या नोट्स टाकून असाइनमेंट गोळा करायच्या असतील तर गुगल क्लासरूम पुरे, मूडलच्या वाटेला जाऊच नका.

आणि प्रश्नपेढी बनवायला सुट्टीतल्या संध्याकाळी गेल्या. पुढच्या सत्रासाठी विभागातल्या आम्ही सगळ्यांनी टॉपिक वाटून घेतलेत. हे तास वर्कलोडमध्ये कुठे दाखवायचे, ते मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.