मेटल हॅलाइड काढून एलईडी लावल्यानंतरचे नऊ महिने

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या तळघरात चार फूट लांबीची, सुमारे साडेचारशे लिटरची प्रवाळांची टाकी आहे. तिच्यावर सहा वर्षे २५० वॅटचे, निळसर पांढऱ्या प्रकाशाचे (१४००० केल्विन) दोन मेटल हॅलाइड दिवे, म्हणजे धातूंच्या क्षारांची वाफ भरलेले प्रखर आणि खूप तापणारे दिवे होते. गेल्या मार्चमध्ये ते उतरवून मी दोन एलईडी दिवे बसवले.

बदलाचे कारण उष्णता. जुलैमध्ये हॅलाइडखाली पाणी २८.५ अंशांपर्यंत तापत असे. पंखा लावला की पाणी भराभर उडे आणि क्षारता टिकवण्यासाठी रोज सात-आठ लिटर गोडे पाणी घालावे लागे. यंदा पाणी २६.५ अंशांच्या वर गेले नाही आणि भर पाच लिटरांवर आली. हिवाळ्यात मात्र हीटर पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ चालतो, त्यामुळे विजेची सगळीच बचत पदरात पडते असे नाही. दरवर्षी नवे बल्ब घेणे आणि पारा असलेले जुने बल्ब जपून विल्हेवाटीला नेणे, हे दोन्ही मात्र कायमचे सुटले.

सुरुवातीलाच माझ्या हातून मोठी चूक झाली. एलईडीचा निळा प्रकाश डोळ्यांना मंद वाटला, म्हणून मी दिवे थेट ७० टक्क्यांवर ठेवले आणि नवव्या दिवशी अॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोके पांढरी पडलेली दिसली. आपला डोळा निळ्या प्रकाशाला कमी संवेदनशील असतो. प्रवाळांच्या पेशींत राहणारे शैवाल मात्र तोच प्रकाश उत्तम शोषून घेते. ओळखीच्या एका हौशी मित्राकडून पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे उपकरण) आणून मोजले, तेव्हा वरच्या खडकावर हॅलाइडखाली ३४० असलेला आकडा ५२० निघाला. दिवे ३५ टक्क्यांवर आणून दर आठवड्याला पाच टक्के वाढवत ६० वर थांबलो. मीटर हाती असल्याशिवाय हा बदल कोणीही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

एलईडीची खरी उणीव मला सावलीत दिसली. हॅलाइडच्या रुंद परावर्तकातून प्रकाश अनेक कोनांतून येई आणि फांद्यांच्या बगलेतही पोहोचे. एलईडीच्या छोट्या भिंगांतून तो बहुतांशी वरून सरळ पडतो. जूनपर्यंत अॅक्रोपोराच्या खालच्या फांद्यांच्या पोटाकडील ऊती मागे सरून पांढरा सांगाडा उघडा पडू लागला. माँटिपोरा या दुसऱ्या प्रवाळाच्या पानांसारख्या पसरट भागांखालीही तेच झाले. झोअँथिड या मऊ, सांगाडा नसलेल्या प्रवाळसदृश जीवांना काहीच फरक पडला नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये पुढे आणि मागे ५४ वॅटची एकेक टी-५ नळी (बारीक फ्लुरोसेंट ट्यूबलाइट) जोडली. त्या नळ्या रोज पाच तास चालतात, आणि त्या धरूनही वीज हॅलाइडच्या दोन-तृतीयांशांहून कमी लागते. आता उघड्या सांगाड्याच्या कडेने करंगळीच्या नखाएवढा फिका जांभळा थर पुन्हा चढला असून त्यावर नवे पॉलिप (प्रवाळाचे छोटे, फुलासारखे जीव) उमलू लागले आहेत.