नेक्सकार-१९: धाकट्या भावाच्या उपचाराचा आमचा अनुभव

धाकट्या भावाला बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. दोनदा केमो झाली, दोनदा आजार उलटला. मग डॉक्टरांनी नेक्सकार-१९ सुचवलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून घडलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेली ही भारतातली पहिली कार-टी थेरपी. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांना सीडी-१९ हे प्रथिन असलेल्या, म्हणजे कॅन्सरच्याही, बी-पेशी ओळखून मारायला शिकवतात आणि परत रक्तात सोडतात.

पेशी काढायला चार तास लागले, दोन्ही हातांत नळ्या. नंतर त्या तयार होऊन येईपर्यंत वाट बघणं सगळ्यात जड गेलं. पेशी चढवायला मात्र अर्धा तासही लागला नाही. खोलीभर लसणासारखा वास सुटला. गोठवताना वापरलेल्या द्रावणाचा असतो तो, असं सिस्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या रात्री ताप १०३. सिस्टर रोज त्याच्याकडून वहीत एक वाक्य लिहून घ्यायच्या, शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजायला लावायच्या. या उपचाराचा मेंदूवर परिणाम झाला तर अक्षर आधी बिघडतं म्हणे. त्याचं एक दिवसही बिघडलं नाही. ती वही मी जपून ठेवली आहे.

तक्रार रुग्णालयाबद्दल. आयसीयू आणि ताप आवरायच्या इंजेक्शनचा खर्च वेगळा, हे आम्हाला बिल हातात आल्यावर कळलं. तुम्ही आधीच लेखी मागून घ्या. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त खरं, तरी आम्हाला गावचं एक शेत विकावं लागलं.

तीन महिन्यांनी पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे उरलाय का ते दाखवणारी तपासणी) स्वच्छ आला. पुढचा दिवाळीनंतर.