वेल्डिंगखाली काय अंथरायचं: रबरी मॅट की फायबरग्लासचं कापड?

वेल्डिंग टेबलाशी दिवसभर उभं राहायचं असेल, तर नायट्राइल रबराची जाड मॅट घ्या. टाचा, कंबर कमी भरून येतात आणि मॅट कोरडी असेल तर शॉकपासूनही थोडाफार आडोसा मिळतो. ठिणगी पडली तर मोहरीएवढा काळा ठिपका उरतो, बस्स. पण नुकताच कापलेला लालभडक तुकडा पडला, की रबर धुमसायला लागतं. गॅस कटिंगखाली ती नकोच. स्वस्त म्हणून पीव्हीसीची तर मुळीच आणू नका, ती वितळते.

कटिंगला कापडच हवं. साधं फायबरग्लास साधारण 500 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, सिलिकाचं जवळपास 1000 पर्यंत. वितळलेलं लोखंड 1500 च्या आसपास असतं, म्हणून जड स्लॅग (कापताना गळणारा धातूचा तप्त मळ) पडणार असेल तिथे सिलिकाच घ्या. पैसे जास्त जातात, जाऊ द्या. मात्र त्यावर उभं राहू नका. पाय सरकतो, घडीवर कापड विरतं आणि सुटलेले तंतू अंगाला खाजतात.

वर्कशॉपमध्ये मॅट, साइटवर कापड, असं माझं मत. ठिणग्या 10 मीटरपर्यंत उडू शकतात, तेव्हा भोवतालचा पुठ्ठा, चिंध्या आधी हलवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायलाच हवं.