गोडो गेम इंजिन: करिअरच्या कसोटीवर

व्हिडिओ गेम बनवण्याच्या क्षेत्रात करिअर करायचे ठरवलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणते इंजिन, म्हणजे खेळ बांधण्याचे तयार सॉफ्टवेअर, शिकावे हा. याचे उत्तर बहुधा झगमगीत दृश्यांवरून किंवा नोकरीच्या जाहिरातींत दिसणाऱ्या नावांवरून दिले जाते. शिकणाऱ्याचे पहिले वर्ष-दीड वर्ष कसे जाईल, याचा विचार त्यात फारसा नसतो. गोडो या खुल्या इंजिनाचे हे परीक्षण मी त्या दृष्टीने लिहीत आहे. हे इंजिन मी बराच काळ वापरत आलो आहे, त्यात लहान खेळ पुरे केले आहेत आणि नवशिक्यांना ते हाताळताना जवळून पाहिले आहे. माझे मत आधीच नोंदवतो: या कामाची मूलतत्त्वे शिकण्यासाठी आणि हाती घेतलेला खेळ तडीस नेण्यासाठी याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही, मात्र मोठ्या स्टुडिओतली नोकरी हे ध्येय असेल, तर एकट्या गोडोवर भागणार नाही.

हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झुर या अर्जेंटिनातील दोन प्रोग्रामरांनी हे इंजिन आधी स्वतःच्या कामासाठी बांधले आणि २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुले केले. तिसरी मोठी आवृत्ती २०१८ मध्ये आली, चौथी मार्च २०२३ मध्ये. परवान्याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे: वापराचे शुल्क नाही, विक्रीत हिस्सा नाही, आणि खेळासोबत परवान्याचा मजकूर दिला की अट पुरी होते. करिअरच्या उंबरठ्यावर असताना हा विषय रूक्ष वाटतो, पण तो किती कळीचा आहे हे सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्यांना कळले. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनाच्या कंपनीने त्या महिन्यात जाहीर केले, की ठरावीक उत्पन्न आणि ठरावीक इन्स्टॉलची मर्यादा ओलांडलेल्या खेळांवर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारले जाईल. आधीच बाजारात असलेले खेळही त्याच्या कक्षेत येत होते. मोठा गदारोळ झाला, अटी सौम्य झाल्या, कंपनीचे प्रमुख पायउतार झाले आणि वर्षभराने ते शुल्क रद्दही झाले. पण आपण ज्या पायावर वर्षानुवर्षे काम उभे करतो, त्याच्या अटी दुसऱ्याच्या हाती असतात ही जाणीव मागे राहिली. अनरियल या आणखी एका मोठ्या इंजिनाची अट तुलनेने सरळ आहे: एखाद्या खेळाचे एकूण उत्पन्न १० लाख डॉलरच्या वर गेले, की वरच्या रकमेवर साधारणपणे ५ टक्के. नवशिक्याला त्याची झळ पोहोचत नाही. तरीही गोडोमध्ये हा हिशेब मुळातच उरत नाही, आणि एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून काम करू इच्छिणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. इंजिन उतरवून घ्यावे, फाइल उघडावी आणि काम सुरू करावे. खाते काढणे नाही, वेगळी स्थापना नाही. साधारण क्षमतेच्या जुन्या लॅपटॉपवरही द्विमितीय काम सुरळीत चालते, आणि बदल केल्यापासून खेळ पडद्यावर दिसेपर्यंत क्षणभराचाच वेळ जातो. हा वेग म्हणजे केवळ सोय समजू नये. गेम डेव्हलपमेंट शिकणे हे बऱ्याच अंशी एखादा आकडा बदलून परिणाम पाहण्याचे आणि पुन्हा बदलण्याचे काम आहे. प्रत्येक फेरीला अर्धा मिनिट थांबावे लागले, तर माणूस फेऱ्या कमी करतो आणि त्यामुळे शिकतोही कमी.

गोडोची रचना नोड आणि सीन या दोन कल्पनांवर उभी आहे. चित्र दाखवणारा एक नोड, टक्कर ओळखणारा दुसरा, आवाज वाजवणारा तिसरा. असे नोड झाडाच्या फांद्यांसारखे एकाखाली एक लावून सीन तयार होतो, आणि तो सीन दुसऱ्या सीनमध्ये एक घटक म्हणून बसवता येतो. खेळाडू एक सीन, शत्रू दुसरा, आणि संपूर्ण पातळी हादेखील एक सीनच. एका नोडला काही झाले की तो सिग्नल पाठवतो आणि ज्यांनी तो जोडून घेतला आहे तेच प्रतिसाद देतात. ही मांडणी नवशिक्याच्या गळी लवकर उतरते, आणि भाग परस्परांत गुंतू न देता काम कसे विभागावे याची सवय तिच्यामुळे आपोआप लागते. पुढे इंजिन कोणतेही असो, ही सवय कामी येतेच.

एक उदाहरण बारकाईने पाहू. खेळाडूच्या पात्रासाठी गोडो जो तयार नमुना कोड देते, त्यात उडीचा वेग उणे ४०० असतो, कारण पडद्यावरचा उभा अक्ष खाली वाढत जातो. गुरुत्वाचे मूळ मूल्य ९८० असते, आणि भौतिकीची गणना सेकंदाला ६० वेळा होते. वेगाच्या वर्गाला गुरुत्वाच्या दुपटीने भागले, की हे पात्र सुमारे ८२ पिक्सेल उंच उडेल आणि शिखरावर पोहोचायला त्याला ०.४ सेकंद लागतील, हे कागदावरच कळते. आता अडथळा १२० पिक्सेल उंच आहे आणि उडी चपळ वाटायला हवी, म्हणून शिखर ०.३५ सेकंदात गाठायचे आहे असे समजा. उंचीच्या दुपटीला वेळेने भागले की वेग येतो सुमारे ६८६. त्याला पुन्हा वेळेने भागले की गुरुत्व येते सुमारे १९६०. हे दोन आकडे बसवून चालवून पाहिले, की उडीचा बाज पार बदललेला जाणवतो. त्यानंतर खाली येताना गुरुत्व थोडे वाढवावे, कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ उडी मारू द्यावी, ज्याला या धंद्यात कोयोटी टाइम म्हणतात, आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून पाय टेकताच उडी घडवावी. एवढ्या एका उडीत गणित, डिझाइन आणि खेळणाऱ्याच्या हाताला येणारी जाणीव या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. गोडोमध्ये ही मूल्ये नोडचे गुणधर्म दाखवणाऱ्या इन्स्पेक्टर पॅनेलमध्ये काढून ठेवता येतात आणि खेळ चालू असतानाच बदलून पाहता येतात. शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर या टप्प्याला जो बदल दिसतो, तो मला मोलाचा वाटतो. इथून पुढे तो खेळ नुसता खेळत नाही, खेळाचे अंतरंग पाहू लागतो.

कोड लिहिण्यासाठी जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषा आहे. तिची धाटणी पायथॉनसारखी, आणि ती आत्मसात करायला फार दिवस लागत नाहीत. करिअरचा विचार करणाऱ्याने मात्र तिच्यातली चलांचे (व्हेरिएबलचे) प्रकार स्पष्ट लिहिण्याची सोय पहिल्या दिवसापासून वापरावी, असा माझा आग्रह आहे. प्रकार न लिहिताही काम चालते, पण त्यामुळे जी ढिलाई अंगवळणी पडते, ती सी-शार्प किंवा सी-प्लस-प्लस या भाषांकडे जाताना फार जाचते. गोडो सी-शार्पमध्येही लिहिता येते, आणि युनिटीची भाषा तीच असल्याने हा मार्ग आकर्षक वाटतो. तरीही पहिला खेळ जीडीस्क्रिप्टमध्येच करावा असे मी सुचवीन, कारण शिकवण्या आणि उदाहरणे बहुतांशी तिच्यातच मिळतात.

शिकवण्यांचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत मोठी तक्रारही इथेच नोंदवतो. चौथ्या आवृत्तीने पुष्कळ गोष्टी सुधारल्या, पण नावे आणि पद्धती इतक्या बदलल्या, की तिसऱ्या आवृत्तीसाठी केलेले व्हिडिओ नवशिक्याला हमखास अडचणीत आणतात. पात्र हलवणाऱ्या मूव्ह-अँड-स्लाइड या फंक्शनला पूर्वी वेग कंसात द्यावा लागे. आता वेग हा पात्राचाच गुणधर्म झाला असून कंस रिकामा ठेवायचा असतो. जुना व्हिडिओ पाहून लिहिलेली ओळ चालत नाही, आणि ती का चालत नाही हे नुकत्याच सुरुवात केलेल्याला कळत नाही. पात्राच्या मूळ नोडचे नावसुद्धा बदलले आहे. यावर उपाय एकच: व्हिडिओ बाजूला ठेवून अधिकृत दस्तऐवजांतील पहिल्या द्विमितीय खेळाचा पाठ पुरा करावा. हे दस्तऐवज खरोखर उत्तम आहेत, आणि गोडोच्या संपादकातूनच (एडिटरमधूनच) प्रत्येक फंक्शनची माहिती उघडता येते. दस्तऐवज वाचून काम करता येणे हे या व्यवसायातले मूलभूत कौशल्य आहे आणि ते जितक्या लवकर अंगी बाणेल तितके बरे.

त्रिमितीय बाजू आता बरीच सुधारली आहे आणि ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरची फाइल थेट आत घेता येते, ही थ्रीडी कलाकारासाठी चांगली सोय आहे. मात्र विस्तीर्ण खुले जग, प्रचंड तपशिलाचे मॉडेल आणि चित्रपटासारखा प्रकाश हे काम ज्याला करायचे आहे, त्याने अनरियलच निवडावे. तिथे गोडोची बरोबरी होऊ शकत नाही. कन्सोलचीही अडचण आहे. कन्सोल उत्पादकांची साधने गोपनीयतेच्या करारांनी बांधलेली असल्यामुळे खुल्या प्रकल्पात ती समाविष्ट करता येत नाहीत, आणि प्लेस्टेशन किंवा स्विचवर खेळ न्यायचा असेल तर बाहेरच्या कंपन्यांची मदत घ्यावी लागते. डब्ल्यूफोर गेम्स ही गोडोच्या काही प्रमुख मंडळींनीच काढलेली कंपनी अशी सेवा पुरवते. पहिल्या काही खेळांत या गोष्टीने अडत नाही, पण पुढचा बेत आखताना ती ध्यानात असावी.

आता नोकरीचा प्रश्न, ज्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतले. मोबाइल खेळांच्या स्टुडिओंत युनिटीचा आणि मोठ्या पीसी-कन्सोल खेळांत अनरियलचा किंवा स्टुडिओच्या स्वतःच्या इंजिनाचा बोलबाला आहे. गोडोचे नाव असलेल्या जाहिराती त्या मानाने थोड्या असतात. त्यातच २०२३ आणि २०२४ या वर्षांत जगभरातल्या स्टुडिओंनी हजारो माणसे कमी केली, त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याची स्पर्धा अनुभवी लोकांशीही आहे. दुसरीकडे, गोडोमध्ये बनलेले खेळ बाजारात ठामपणे उभे आहेत: डोम कीपर, ब्रोटाटो, कॅसेट बीस्ट्स आणि बकशॉट रूलेट ही त्यांतली ठळक नावे. युनिटीच्या त्या निर्णयानंतर मेगा क्रिट या स्टुडिओने स्ले द स्पायर २ हा आपला बहुप्रतीक्षित खेळ गोडोकडे वळवला, ही घटनाही बोलकी आहे. म्हणून गोडो हा नोकरीचा परवाना नसला, तरी तो वेळेचा अपव्ययही नाही.

उमेदवाराचे काम पाहणाऱ्याला इंजिनाच्या नावाआधी एक गोष्ट हवी असते: पुरा झालेला खेळ. मेनू, विराम, आवाज कमी-जास्त करण्याची सोय, हरल्यावर पुन्हा सुरुवात आणि प्रगती जतन होणे, हे सगळे असलेला दहा मिनिटांचा खेळ अर्धवट सोडलेल्या भव्य प्रकल्पापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. अशा शेवटच्या, कंटाळवाण्या कामांत गोडो विशेष उजवे ठरते, कारण बटणे, याद्या आणि मांडणी यांसाठी त्याचे कंट्रोल नोड पक्के आहेत; संपादक स्वतःही त्याच नोडांनी बांधलेला आहे. खेळ ब्राउझरसाठी निर्यात करून इच-डॉट-आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर ठेवला, की अर्ज वाचणाऱ्याला काहीही उतरवून न घेता तो एका क्लिकवर खेळता येतो. चौथ्या आवृत्तीच्या आरंभीच्या उप-आवृत्त्यांत सी-शार्पने लिहिलेल्या खेळाला ब्राउझरची ही वाट उपलब्ध नव्हती, हे जीडीस्क्रिप्टने सुरुवात करण्याचे आणखी एक कारण. ग्लोबल गेम जॅमसारख्या ४८ तासांत खेळ बनवण्याच्या उपक्रमांतही हे हलके इंजिन फार सोयीचे पडते, आणि तिथे चित्रकार, ध्वनिरचनाकार व प्रोग्रामर एकत्र येत असल्याने संघात काम करण्याचा पहिला अनुभव तिथेच मिळतो.

प्रोग्रामर होऊ पाहणाऱ्यासाठी गोडोमध्ये आणखी एक संधी आहे, जिच्याकडे फार थोडे जण वळतात. इंजिनाचा कोड बहुतांशी सी-प्लस-प्लसमध्ये असून तो गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. एखादी लहान त्रुटी शोधावी, इंजिन स्वतः कम्पाइल करावे, दुरुस्ती सुचवावी, आणि अनुभवी मंडळी त्यावर जे शेरे मारतील त्यांनुसार ती पुन्हा लिहावी. दुसऱ्याच्या लाखो ओळींच्या कोडमध्ये वाट काढणे हेच स्टुडिओतले रोजचे काम असते, आणि स्वीकारली गेलेली एक दुरुस्ती हा त्या क्षमतेचा सर्वांसमोर असलेला पुरावा ठरतो. अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राहून मी तिला अधिक वजन देईन.

तेव्हा माझी शिफारस अशी आहे. डिझाइन, प्रोग्रामिंग किंवा स्वतंत्र निर्मिती यांकडे ओढा असेल, तर गोडोने सुरुवात करावी आणि दोन-तीन लहान खेळ लोकांसमोर ठेवावेत. त्यानंतर ज्या स्टुडिओंत काम करायची इच्छा आहे त्यांच्या जाहिराती नीट वाचून युनिटी किंवा अनरियल यांपैकी एक निवडावे आणि आपलाच एक जुना खेळ त्यात नव्याने बांधावा. रचना आधीच ठाऊक असल्यामुळे सगळे लक्ष नव्या साधनावर देता येते, आणि मुलाखतीत दोन्ही इंजिनांची तुलना स्वतःच्या अनुभवातून करता येते. पर्यावरण कलाकार (खेळातला परिसर घडवणारा) किंवा प्रकाशयोजनाकार होऊ पाहणाऱ्याने मात्र आपला पहिलाच प्रकल्प अनरियलमध्ये सुरू करावा.