भोकराचं लोणचं: स्टॉलवरची बरणी घ्यावी का?

उन्हाळा सरता सरता मराठवाड्यात बचत गटांच्या स्टॉलवर भोकराच्या लोणच्याच्या बरण्या दिसू लागतात. इंग्रजीत भोकराला 'इंडियन चेरी' म्हणतात, पण चेरीशी त्याचं काडीचंही नातं नाही. कच्चं भोकर आंबट नसतं, तुरटसर असतं आणि आतून नुसतं चिकट. लोणच्याची सगळी परीक्षा त्या चिकावरच होते.

आम्ही चाखलेली बरणी अख्ख्या, भरल्या भोकरांची. फळं हिरवी, कडक, दाताखाली कुरकुरणारी, बी नीट काढलेली. इथवर पैकीच्या पैकी. पण मसाला काढताना चमच्याला तार येते. म्हणजे बी काढल्यावर आतला चीक पुसलेला नाही, नाहीतर फळं पिवळट पडल्यावर तोडलेली. पिकू लागलेलं भोकर गोडसर होतं आणि दुप्पट चिकटतं.

रीत सोपी आहे, वेळखाऊ आहे. देठाची टोपी काढून फळं धुवायची, कापडावर पूर्ण कोरडी करायची. बत्त्याचा हलका ठोका द्यायचा आणि काडीचं टोक मिठात बुडवून बी उचलायची. मिठामुळे चीक हाताला धरत नाही. किलोभर भोकरांना पाऊण किलो कैरीचा कीस, २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद, चमचाभर तळलेल्या मेथीची पूड, हिंग; हे सगळं कालवून फळांत भरायचं. अर्धा लिटर करडीचं तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओतायचं. गरम ओतलं तर फळ मऊ पडतं.

कैरीत काटकसर नको. भोकराला स्वतःचा आंबटपणा नाही, त्यामुळे कीस कमी पडला की चव सपक होतेच, बुरशीही लवकर धरते. या बरणीत कैरी पुरेशी आहे, मोहरी मात्र भरड हवी होती, पीठ झालंय. तेल तर मसाल्याच्याही खाली! घरी आणल्यावर तापवून गार केलेलं तेल बोटभर वर येईल इतकं घालाच.

ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरणासोबत झकास लागतं. घेताना बरणी तिरकी करून बघा: रस पाण्यासारखा पळत असेल किंवा झाकण फुगलेलं असेल तर परत ठेवा. आणि लहान बरणीच घ्या, ओला चमचा एकदा गेला की भरलेलं भोकर आतून आधी खराब होतं, वरून कळतही नाही.