ग्रेलचा चंद्राचा ग्रॅव्हिटी डेटा: दोन महिने वापरून लिहितोय

चंद्राचं गुरुत्वाकर्षण जागोजागी मोजणाऱ्या नासाच्या ग्रेल मिशनचा हा डेटा प्लॅनेटरी डेटा सिस्टिमच्या साइटवर फुकट मिळतो. मी 1200 डिग्रीचं मॉडेल घेतलं (इथे डिग्री म्हणजे कोन नाही, बारकावा, जितकी जास्त तितका नकाशा बारीक), फाइलमध्ये सात लाखांवर ओळी आहेत, नुसती उघडून बघितली तर काही हाती लागत नाही, त्यातून नकाशे काढायला पायथॉनमधली पायएसएचटूल्स ही लायब्ररी वापरा, तेही फुकट आहे.

हा डेटा जमवला कसा ते कळलं की आकड्यांवर भरवसा बसतो. 2012 मध्ये एब आणि फ्लो ही दोन यानं चंद्राभोवती एकामागोमाग फिरत होती, खाली जड खडक आला की पुढचं आधी ओढलं जायचं आणि मधलं अंतर किंचित बदलायचं, तो बदल रेडिओने सेकंदाला एका मायक्रॉनपेक्षा बारीक मोजलाय!! चंद्राआड गेलेलं यान पृथ्वीवरून दिसत नाही, पण ही दोघं एकमेकांनाच मोजत होती, त्यामुळे पलीकडची बाजूही तेवढीच स्वच्छ आलीये.

आता महत्त्वाचं. पहिला नकाशा काढला की त्यात दिसतात ते मुख्यतः डोंगर आणि खड्डेच, मी आठवडाभर त्यालाच खालचा खडक समजत होतो. लोलाने (चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानावरचं लेझरने उंची मोजणारं उपकरण) मोजलेली उंची घ्या, घनता 2550 किलो प्रति घनमीटर धरा आणि डोंगरांचं ओढणं वजा करा, म्हणजे बुगेर नकाशा. बहुतेक छोटी विवरं गायब होतात आणि इम्ब्रियमसारख्या खोऱ्यांखालचे मॅसकॉन, म्हणजे जास्त वस्तुमान एकवटलेल्या जागा, लालभडक वर येतात, जे 1968 मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांच्या ट्रॅकिंगमधून पहिल्यांदा सापडले होते. ग्रेडियंट काढला, म्हणजे गुरुत्व कुठे किती झपाट्याने बदलतं ते बघितलं, तर शेकडो किलोमीटर सरळ जाणाऱ्या रेषा दिसतात, त्या गाडल्या गेलेल्या डाइक (भेगांमध्ये शिरून थिजलेल्या लाव्हारसाच्या भिंती) असाव्यात असं संशोधक म्हणतात, वर पृष्ठभागावर बहुतेकींचा मागमूस नाही. ते बघून मी रात्री दोनपर्यंत जागा होतो.

आणि तो 2550 आकडा साधा नाही, आधी कवच 2800-2900 चं धरायचे. आघातांनी ते इतकं तडकलंय की सरासरी 12 टक्के पोकळीच आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, शेवटच्या डिग्रीपर्यंत ओढलं तर पट्टे-पट्टे दिसतात, ते खडक नाहीत, नॉइज आहे, मी 600 वर थांबतो. आणि खोली एकट्या ग्रॅव्हिटीवरून ठरवू नका, उथळ आणि खोल वस्तुमान सारखाच सिग्नल देऊ शकतं.

पाचपैकी पाच.