बदलापूर पूर्वेचं रो-हाऊस : वर्षभर राहिल्यानंतर

डोंबिवलीतला वन बीएचके विकून आम्ही बदलापूर पूर्वेला रो-हाऊस घेतलं, त्याला वर्ष उलटून गेलं. ओळखीतले बरेच जण "कसं आहे?" विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर उत्तम आहे. खाली हॉल, किचन आणि आईची खोली, वर दोन बेडरूम, मागे धुणं वाळत घालण्यापुरतं अंगण. गुडघेदुखीमुळे आईला तळमजल्यावरची खोली हवी होती, आणि तिथेच निम्मे पैसे वसूल झाले. डोंबिवलीत लिफ्ट बंद पडली की ती घरात अडकून पडायची, इथे सकाळचा चहा अंगणातच घेते.

पावसाचं मात्र नीट ऐका. 2005 च्या 26 जुलैला आणि पुन्हा 2019 च्या जुलैत उल्हास नदीने पश्चिमेकडच्या वस्त्यांची काय दशा केली ते सगळ्यांना माहीत आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली ती इथेच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये. म्हणून आम्ही नदीपासून लांब, चढावर घर बघितलं. पुराची धास्ती नाही, पण ओल आहे. पहिल्याच जुलैत वरच्या बेडरूममध्ये कपाटामागे पापुद्रे सुटले. बोट लावलं की रंगाखालची पुट्टी पिठासारखी गळायची. बिल्डरचा माणूस आला, "नवीन बांधकाम आहे, सुकेल" म्हणून गेला, तो गेलाच. शेवटी उन्हाळ्यात स्वखर्चाने बाहेरच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग केलं आणि गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. यंदा भिंत कोरडी आहे. मोठी सर आली की पत्र्याच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही, तेवढं चालवून घेतो.

फ्लॅटमध्ये ज्या गोष्टींसाठी सेक्रेटरी शिव्या खातो, त्या सगळ्या इथे आपल्या गळ्यात. पाणी ठरलेल्या वेळी आणि कमी दाबाने येतं, त्यामुळे जमिनीखालची टाकी आणि पंप हवाच. पावसाळ्यात वीज जाते, इन्व्हर्टर घ्या. चपलांच्या रॅकमागे एकदा धामण निघाली. सर्पमित्राचा नंबर आता फ्रिजवर चिकटवलाय. सामाईक भिंतीतून शेजारच्या काकूंचा मिक्सर पहाटे ऐकू येतो, पण त्यांची चटणीही येते, त्यामुळे तक्रार नाही.

परिसर मला आवडतो. थंडी मुंबईपेक्षा खरीखुरी पडते, उन्हाळा सरता सरता गावची जांभळं मिळतात. कोंडेश्वरच्या धबधब्याच्या रस्त्याला पावसाळी रविवारी चुकूनही जाऊ नये. खरी तक्रार वासाची. काही रात्री कारखान्यांकडून उग्र वास येतो आणि खिडक्या लावून झोपावं लागतं. तक्रार करावी तर कोणी बघायला येईपर्यंत वास गेलेला असतो.

प्रवास हा या घराचा न छापलेला हप्ता आहे. सीएसएमटी 68 किलोमीटर. बदलापूरहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा, कर्जत-खोपोलीकडून येणारी भरलेलीच असते. कल्याणपासूनची तिसरी-चौथी मार्गिका आणि चिखलोली स्टेशन ब्रोकरच्या तोंडी कधीच बांधून झालंय. बायकोचं काम घरून चालतं, म्हणून आमचं निभतं. दोघांनाही रोज दक्षिण मुंबई गाठायची असेल तर मी हे घर सुचवणार नाही.

बघायला येणार असाल तर जुलैत, कामाच्या दिवशी, संध्याकाळची कर्जत लोकल पकडून या. शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा आणि घरात शिरल्यावर कपाटं भिंतीपासून ओढून बघा.